समोरून घेतलेलं माप

माझी खोली जिन्याखाली आहे. त्यामुळे वर कोण गेलं आणि खाली कोण आलं, हे मला दार न उघडता कळतं. दूधवाला दोन-दोन पायऱ्या घेतो. वरच्या वकीलबाई प्रत्येक पायरीला एक उसासा टाकतात. आणि पहिल्या मजल्यावरची दहा वर्षांची मुलगी उतरते, ती डब्यातून वाटाणे सांडावेत तशी. तिला भिंगरी हे नाव मीच ठेवलं. तिची आईसुद्धा आता तिला त्याच नावानं हाक मारते.

पण त्या आठवड्यात भिंगरीच्या पावलांना काहीतरी झालं होतं. वर चढताना सहा पायऱ्या नीट, मग मध्येच खंड, मग धप्प करून आठवी. सातवी पायरी जणू जिन्यात नव्हतीच.

चार दिवसांपूर्वी तिचा धाकटा भाऊ याच जिन्यावर पडला होता. बारक्या. वय सहा. त्या वेळी मी मशीनवर होतो. किंकाळी ऐकून दार उघडलं, तर पोरगं खाली फरशीवर पडलेलं आणि भिंगरी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसलेली. नडगीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. पाय घसरला, असं सगळे म्हणत होते. बारक्याही तेच म्हणत होता.

शनिवारी सकाळी भिंगरी माझ्या दारात उभी राहिली. काखेत एक पडदा होता, निळा, त्यावर पिवळे मासे छापलेले.

"मास्तर, पायजमा शिवायला किती वेळ लागतो?"

"कुणाला? मला की तुला?"

"मला."

"तू एका जागी बसलीस तर तीन तास. बसणार नाहीस, तेव्हा तीन दिवस."

"उद्या दुपारी अडीचपर्यंत हवाय."

मग एका दमात सगळं बाहेर आलं. उद्या बारक्याला घरी सोडणार होते. त्याचा एकही पायजमा प्लास्टरवरून चढत नव्हता. दवाखान्याचा झगा होता, पण तो मागून उघडा. चादरीत गुंडाळून आणू, असं बाबा म्हणाले, तर बारक्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. दुसऱ्या मजल्यावरची जुळी पोरं जिन्यात बसलेली असणार, ती जन्मभर चिडवणार, मी येणारच नाही, इथेच राहणार, असं म्हणाला.

"मग मी त्याला फोनवर शब्द दिला," भिंगरी म्हणाली. "पायजमा घालूनच घरी येशील म्हणून. आणि तो मी शिवीन म्हणून. तुम्ही नाही. मी."

मी रात्रीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात चाळीस वर्षं कापड कापलं. हातावेगळ्या केलेल्या पायजम्यांची गणती मलाच नाही. आता डोळे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, म्हणून इमारतीतल्या मुलांना शिकवतो. आधी दोरा न ओवता, रेघा आखलेल्या कागदावर मशीन चालवायची. रेघेवर भोकं पडली की मग कापड. बाकीच्या मुलांना दोन कागद लागले. भिंगरीचे अकरा झाले होते आणि अकरावाही दारू प्यायलेली मुंगी चालून गेल्यासारखा होता.

"पडदा कुणाचा?"

"माझाच. माझ्या पलंगाचा."

हा पडदा मला ऐकून माहीत होता. भावंडांचा पलंग एकावर एक असा होता. वरचा भिंगरीचा, आणि त्याला हा माशांचा पडदा. बारक्याला खालचा. वरच्या पलंगासाठी दोघांत रोज जुंपायची. पडद्याला हात लावला तर बोट मोडेन, असं तिनं त्याला बजावलेलं मी या जिन्यातूनच ऐकलं होतं.

"आईला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली तुझा आहे, तू ठरव." थांबली. "मला नकोय आता तो."

मापाचं काम तिच्या आईनं करून ठेवलं होतं. बँडेजच्या पट्टीचा एक तुकडा प्लास्टरभोवती गुंडाळून, सगळ्यात जाड जागी गाठ मारून तिनं तो घरी पाठवला होता. दुसऱ्या पायासाठी जुना पायजमा होता. मी पडदा मेजावर अंथरला आणि तिथेच जरा अडखळलो.

पायजम्याचे पाय जुळे असतात. कापड दुहेरी घडी घालून ठेवायचं, एकदाच खडू फिरवायचा, एकदाच कात्री, दोन्ही पाय एकदम निघतात. चाळीस वर्षांत मला डावा-उजवा विचारायची वेळ आली नव्हती. पण इथे एक पाय नेहमीचा आणि दुसरा दुपटीनं रुंद. घडी घालून चालणार नव्हतं.

"कुठला पाय गं त्याचा?"

"उजवा," ती म्हणाली. विचार करायला क्षणही लागला नाही तिला.

मीही पुढे काही विचारलं नाही. खडू उचलला.

दुपारभर आमची झटापट चालली. पुढचे दोन भाग, मागचे दोन. मागचा भाग कमरेला उंच ठेवायचा. "का?" तिनं विचारलं. मी तिला खाली उकिडवं बसायला लावलं. "आता मागे हात लावून बघ, कापड किती खेचलं जातं. मागे उंची नसेल तर बसल्यावर सगळ्या गावाला दर्शन." तेव्हा ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसू आलं म्हणून लगेच चपापली.

कापून होईतो ती सतरा वेळा उठली. पाणी प्यायला, घड्याळ बघायला, दाराबाहेर कोण आलं ते बघायला. बसली तरी एक पाय हलत होताच. पायमशीनला हलता पाय लागतो हे खरं, पण तो तिच्या तालावर हलायला हवा. भिंगरीचा पाय स्वतःच्या तालावर. मशीन भरधाव सुटायची, कापड वाकडं जायचं, ती ओठ चावायची.

"उसव."

"थोडंसंच वाकडंय."

"थोडंसं वाकडं आत्ता उसवलं तर बोटभर. पुढे गेल्यावर हातभर."

ती उसवायला बसली. एकदा, दोनदा, पाच वेळा. दुसरं एखादं मूल असतं तर रडलं असतं किंवा घरी गेलं असतं. ही जात नव्हती. तिची ती घाई मला नुसती घाई वाटत नव्हती. कुणीतरी मागे लागल्यासारखी ती शिवत होती.

रविवारी सकाळी आठलाच हजर. मुलांना सगळ्यात आवडतो तो भाग मी राखून ठेवला होता. दोन पाय वेगवेगळे शिवून झाले की एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायाच्या आत घालायचा, आणि मधली वळणदार शिवण एका टिपेत मारायची. मग आतला पाय ओढून बाहेर काढला की एकदम पायजमा. कितीही वेळा बघा, जादूच वाटते. भिंगरीनं तो ओढून काढला, दोन्ही हातांनी उंच धरला आणि म्हणाली, "हा खरंच पायजमाय!"

"मग काय टोपी होणार होती?"

नेफा दुमडला, इलॅस्टिक ओवलं, खालच्या कडा शिवल्या. बारा वाजून गेले होते. तेवढ्यात तिची आई आली. रात्रपाळीला तीच मुलाजवळ असायची, दिवसा बाबा. नुकतं डोक्यावरून पाणी घेतलेलं, डोळे झोपेनं जड.

"बघू तरी काय केलंय गुरू-शिष्यांनी."

तिनं पायजमा हातात घेतला. टिपेवरून बोट फिरवलं. मग स्वतःच्या कमरेला लावून बघितला आणि तिचा चेहरा बदलला.

"मास्तर, अहो, रुंद पाय उजवीकडे आलाय. प्लास्टर डाव्याला आहे त्याच्या."

"उजव्याला," भिंगरी म्हणाली.

"अगं, चार रात्री उशाशी बसलेय मी. डावा आहे."

"नाही गं आई. या बाजूला होता." आणि तिनं स्वतःचा उजवा हात पुढे करून, समोरच्या रिकाम्या हवेत एक जागा दाखवली.

मी त्या हाताकडे बघत राहिलो. वॉर्डात लहान मुलांना सोडत नसत. मोडल्यानंतर तो पाय तिनं नीट बघितलाच नव्हता. तिला आठवत होता तो त्याआधीचा. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो. मुलांना शिकवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. समोर उभं राहून कवायत शिकवली की निम्मा वर्ग उलटा हात वर करतो.

आई मटकन स्टुलावर बसली. "जाऊ दे. चादरीत आणू. रडेल, रडेल आणि गप्प होईल. तुम्ही तरी किती करायचं, मास्तर." तिनं भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू प्रयत्न केलास ना, बास झालं. मी अडीचला निघतेय." आणि ती वर गेली. तिच्या पावलांनाही उसासे लागले होते.

भिंगरी जिथं उभी होती तिथंच उभी. हातात पायजमा. पाय, तो सारखा हलणारा पाय, अगदी स्थिर.

मी दार लोटलं. "भिंगरे, तू कुठे उभी होतीस?"

तिनं पायजम्याची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाली, "खाली. खडूची रेघ मारली होती ना, तिच्यामागे."

"तू मारली होतीस?"

मान हलली. "मी म्हटलं, सातव्या पायरीवरून रेघेपर्यंत उडी मारलीस तर वरचा पलंग तुझा. कायमचा. मला वाटलं घाबरेल. तो नेहमी घाबरतो, मास्तर! पाचवीवरून पण घाबरतो. रोज कटकट करायचा पलंगाची, म्हणून मी..." नाक ओढलं. "आणि त्यानं मारली."

"घसरलो म्हणाला तो."

"मी नाही सांगितलं तसं बोलायला. त्यानं आपणहून सांगितलं. आणि मग मी म्हटलं की मी वर होते, आवाज ऐकून आले. आता रोज वाटतं सांगावं, आणि आई घरी येते तर तिचे डोळेच उघडे नसतात."

मी उपदेश केला नाही. उपदेश करायला फार वेळ लागतो आणि घड्याळात पाऊण वाजला होता.

"हे आईला कधी सांगायचं ते तुझं तू बघ. मी सांगणार नाही. पण निम्मी चूक माझी आहे. माप अंगावरून घ्यायचं, कुणाच्या तोंडावरून नाही, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतः तुझ्या तोंडावरून घेतलं. आता सांग, रडायचंय की पायजमा नीट करायचाय? दोन्ही कर, पण मशीनवर पाणी सांडू नकोस. गंज चढतो."

तिनं बाहीनं डोळे पुसले. "दुसरं कापड?"

पडद्याच्या आता नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. माझ्याकडे कापड होतं, पण ते तपकिरी, आणि बारक्याला फोनवर मासे कबूल केलेले.

"मागचं पुढे करून घातला तर?" ती म्हणाली. "मग रुंद पाय डावीकडे येईल!"

"येईल. आणि उंच भाग पोटावर. तो बसला की?"

तिला कालचं उकिडवं बसणं आठवलं. "सगळ्या गावाला दर्शन."

ती येरझाऱ्या घालायला लागली. दार ते मेज, मेज ते दार. खोली एवढीशी, तिला पाच पावलं पुरायची. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते जिभेवर ठेवून गप्प बसणं सोपं नव्हतं. काटा पुढे सरकत होता. माझाही पाय हलायला लागला. शेवटी मी मोरीवरून भांडी घासायचा रबरी हातमोजा आणला आणि तिच्यापुढे टाकला.

"हा कुठल्या हाताचा?"

तिनं घालून बघितला. "उजव्या."

"डाव्या हातात घाल. तळवा तळव्याकडेच हवा."

अंगठा बसेना. ती खेचत राहिली, चिडली, आणि ओढून काढताना मोजा उलटा झाला. आतला पांढरा रंग बाहेर. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच डाव्या हातात घातला. अंगठा बरोब्बर जागेवर.

"मास्तर!"

तिनं झडप घालून पायजमा उचलला, आत हात घालून दोन्ही पाय उलटे केले आणि पुढची बाजू पुढे धरून कमरेला लावला. रुंद पाय डावीकडे आला होता. मागची उंची मागेच.

पुढच्याच क्षणी तिचा चेहरा पडला. "पण शिवणी बाहेर आल्या. जुळी हसतील. आणि मासे फिकट झाले."

"मासे खोल पाण्यात गेलेत. शिवणींचं म्हणशील, तर ज्याचा पाय दुखतोय त्याला त्या आतून टोचण्यापेक्षा बाहेर असलेल्या बऱ्या. आणि बाहेरच आहेत, तर झाकून टाकू."

माझ्याकडे लाल पट्टीचं एक रीळ होतं. पायाच्या बाहेरच्या शिवणीवर कमरेपासून खालपर्यंत ती मारली, तर बँडवाल्यांच्या विजारीसारखी दिसते. दोन्ही बाजूंनी दोन टिपा, दोन्ही पायांना मिळून चार. सरळ. लाल पट्टीवर वाकडी टीप लपत नाही.

एक वाजून वीस मिनिटं. ती बसली. पहिल्या पट्टीला सुई मोडली. मी नवी लावली. दुसऱ्या टिपेला खालचा दोरा संपला आणि तिला ते वीतभर पुढे गेल्यावर कळलं. पुन्हा मागे. वर आईची चाल ऐकू येत होती, कपाट उघडल्याचा, पिशवी ठेवल्याचा आवाजही. दर आवाजाला भिंगरीची मान वर जायची.

"वर बघू नकोस. सुईकडेही नको. कापडाची कड बघ."

मग काहीतरी झालं. मशीनचा आवाज बदलला. तुटक खडखडाट जाऊन एकसारखी घरघर सुरू झाली. तिचा पाय आणि चाक एका लयीत आले होते. मी श्वासही जपून घेतला. अडीचला पाच मिनिटं कमी असताना तिनं दोरा कापला आणि आईनं जिन्यातून हाक मारली.

आईनं पायजमा बघितला, लाल पट्टी बघितली, रुंद पाय कुठे आलाय ते बघितलं. "हे कसं जमवलंत?"

"उलटा केला," भिंगरी म्हणाली. तिचं तोंड अजून काही बोलायला उघडलं होतं. पण रिक्षा दारात भोंगा वाजवत होती आणि आई गेली.

मग आम्ही वाट बघत बसलो. शिवताना तास वाऱ्यासारखा गेला होता, आता तो जागचा हलेना. मी चहा केला, तिनं कपात बोट बुडवून मेजावर रेघा काढल्या. दारात जाऊन आली. परत गेली.

"चढला नसेल तर, मास्तर?"

"गाठीचं माप घेतलंय. चढेल."

"त्याला आवडला नसेल तर?"

"मग चादर आहेच."

"तो माझ्याशी बोलला नाही तर?"

मी चहाचा कप विसळला, मग उगाच पुन्हा विसळला.

चार वाजून गेल्यावर रिक्षा आली. जुळी मुलं जिन्याच्या पायथ्याशी बसलेलीच होती. बाबांनी बारक्याला आडवा उचलून आत आणला. आधी आला तो डावा पाय, निळा, रुंद, लाल पट्टीचा, एखाद्या मिरवणुकीच्या झेंड्यासारखा पुढे. मागे बारक्याचं तोंड, ऐटीत.

जुळ्यांतला एक निरखून बघत म्हणाला, "ए, यानं पायजमा उलटा घातलाय!"

बारक्याची ऐट उतरली. त्याचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. तो भिंगरीकडे बघायला लागला.

"उलटाच आहे," भिंगरी म्हणाली. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी चुकीच्या पायाचा शिवला, म्हणून उलटा केला."

"चुकीच्या पायाचा कसा काय?" दुसरा जुळा.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं. "तो उडी मारत होता तेव्हा मी समोर उभी होते, म्हणून. मला तो समोरून दिसला. मी वर नव्हते, आई. मीच पैज लावली होती. मीच सांगितलं होतं उडी मार म्हणून."

आईच्या हातातली पिशवी हळूहळू खाली गेली आणि फरशीला टेकली.

तेवढ्यात बारक्या बाबांच्या हातावरून म्हणाला, "पण मी रेघेच्या पुढे पडलो. बघितलंस ना ताई?"

"बघितलं."

"मग वरचा पलंग माझा."

"अरे गाढवा," बाबा म्हणाले, "या पायानं तू वर चढणार कसा?"

"ते मला माहीत नाही. जिंकलो की नाही?"

बाबांना हसू आवरेना. आई हसली नाही. तिनं पिशवी उचलली आणि भिंगरीला म्हणाली, "वर चल." बाकी काही नाही.

मी खोलीत येऊन दार लावलं. बाबांची जड पावलं वर गेली, मग आईची. मग भिंगरीची. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग थांबली. मी मान वर करून छताकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं सातवीवर पाऊल पडलं, अगदी हलकं.

संध्याकाळी वरून काहीतरी ओढल्याचे, ठोकल्याचे आवाज येत राहिले. मला चैन पडेना. दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वाटाणे सांडत भिंगरी खाली आली. वेणी इतकी घट्ट घातलेली होती की तिच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या.

"आई रागावलीय?"

"बोलत नाही. वेणी घालते फक्त." तिनं डोकं चोळलं. "बाबांनी काल पलंग खोलला. वरचा पलंग खाली ठेवलाय, खिडकीजवळ. बारक्या म्हणतो, खाली असला तरी तो वरचाच आहे. काल तिथेच झोपला."

"आणि तू?"

"खालच्यावर. तोही खालीच आहे." तिनं एक जुनी चादर मेजावर ठेवली, आणि तिच्यावर गाठ मारलेला बँडेजच्या पट्टीचा तुकडा. "आई म्हणाली, सहा आठवडे एका पायजम्यावर कसे निघतील? हा पण तूच शिव, म्हणाली."

"म्हणजे बोलली की."

भिंगरीनं जरा विचार केला. "हो. एवढंच बोलली."

मी खडू उचलला आणि विचारायला तोंड उघडलं.

"डावा," ती म्हणाली. "मी त्याच्या शेजारी झोपून बघितलंय."